मिस इंडियाची प्रत आणि आमच्या लेकींची प्रत



मिस इंडियाचा विषय निघाला की दोनच आरोळ्या ऐकू येतात. एक म्हणते, देशाचे नाव झाले. दुसरी म्हणते, संस्कृती बुडाली. आम्हाला दोन्ही मान्य नाहीत.

1996 साली बंगलोरला मिस वर्ल्ड स्पर्धा भरली तेव्हा संस्कृतीवाले रस्त्यावर आले, डावे आले, कर्नाटकातला रयत संघही आला. मदुराईत एका तरुणाने स्वतःला जाळून घेतले. निष्पन्न काय झाले? पोहण्याच्या पोशाखाची फेरी सेशेल्सला गेली आणि मुकुट बंगलोरातच चढवला गेला. बंदीच्या मागणीने बाजार बंद होत नाही, फक्त जागा बदलतो.

बाजाराशी आमचे वैर नाही. आमचे भांडण आहे ते प्रत कोण पाडतो याच्याशी. एकाधिकार खरेदीच्या काळात आमच्या कापसाची प्रत ग्रेडर ठरवीत असे आणि शेतकरी गाडीजवळ हात बांधून उभा राही. या स्पर्धांतही उंची किती, वय किती, लग्न झालेले नको, हे सारे घेणाराच ठरवतो. मिस वर्ल्डने 2015 पासून पोहण्याच्या पोशाखाची फेरी काढून टाकली. मिस युनिव्हर्सने 2023 पासून विवाहितांना आणि आयांना दार उघडले. बायका त्याच, नियम बदलले. म्हणजे ती प्रत सौंदर्याची नव्हतीच, घेणाऱ्याच्या सोयीची होती.

स्पर्धेत उतरणाऱ्या पोरींना आम्ही दोष देत नाही. गोव्याच्या आईबापांची मुंबईतली लेक रीटा फारिया 1966 साली मिस वर्ल्ड झाली आणि पुढे डॉक्टर झाली. 2020 च्या मिस इंडिया स्पर्धेत उपविजेती ठरलेली मान्या सिंह रिक्षावाल्याची पोर. जिला दुसरी वाट दिसत नाही, तिने ही धरली तर तिला नावे ठेवणारे आपण कोण?

खरा नफा मुकुटात नाही, मुकुट पाहणाऱ्या लाखो पोरींत आहे. 1975 साली बाजारात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’च्या नावातले गोरेपण काढायला कंपनीला 2020 साल उजाडावे लागले. पंचेचाळीस वर्षे उन्हात निंदणी-खुरपणी करणारी आमची लेक त्या डबीपुढे हलक्या प्रतीची ठरली.

पण डबीवाल्याला शिव्या देऊन आपण सुटत नाही. गावोगाव पोह्यांच्या बशीसमोर जे चालते ते काय आहे? मुली, चालून दाखव. उंची सांग. केस मोकळे सोड. रंग सावळा निघाला की हुंड्याचा आकडा चढतो. तिथे परीक्षक आपलेच, मुकुट मात्र नाही. मिस इंडियातली पोर निदान आपल्या मर्जीने अर्ज भरते. आमच्या लेकीला तेवढेही कोणी विचारत नाही. जे या ओसरीवरच्या स्पर्धेला बसतात, त्यांनी संस्कृतीच्या नावाने बंगलोरकडे बोट दाखवू नये.

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. स्पर्धेवर बंदी मागू नका. लेकीला चालून दाखवायला लावू नका, रंगावरून हुंडा देऊ नका, घेऊ नका. घरच्या लक्ष्मीचे नाव सात-बारावर लावा. जिच्या नावावर जमीन आहे, तिची प्रत पाडायची हिंमत ना कंपनीची होईल, ना सोयऱ्याची.

जिल्हा बैठकीहून परत जाल तेव्हा एवढे ठरवूनच जा.