आरशासारखी फरशी आणि म्हातारीचा खुबा

मंडळी, आज जरा कडू बोलणार आहे. घर बांधायला काढलेल्यांनी, घरकुलवाल्यांनी आणि ग्रामपंचायतीच्या कारभाऱ्यांनी शेवटपर्यंत वाचा.

मिरजगावात काय आणि आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवर काय, चांगल्या घराची आता एकच खूण उरलीय. आत पाऊल टाकलं की फरशीत तोंड दिसलं पाहिजे! वास्तुशांतीला आलेला पाहुणा आधी खाली बघतो, मग देवाच्या पाया पडतो. "काय चकाचक फरशी बसवलीय" म्हणाला की मालकाची छाती फुगते. पण पहाटे त्याच फरशीवरून बाथरूमकडे निघालेली त्याची आई भिंतीला हात लावत लावत जाते. घरच्यांना वाटतं, म्हातारीला दिसत नाही. तिला चांगलं दिसतं. तिला फरशीचा भरवसा वाटत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे, फरशी बूट घालून निवडू नका, ओल्या पायानं निवडा.

शोरूममध्ये कोण जातं बघा. घरातला कर्ता, त्याचा मेव्हणा आणि ठेकेदार. तिघांच्या पायात चपला-बूट, खालची जमीन कोरडी, वर पांढरे लाइट. तिथं कुठलीही टाइल झकासच दिसते. घरात मात्र आपण चप्पल दारात काढतो. रानातून आलं की पाय धुऊन आत येतो. नळाला पाणी आलं की हंडे, ड्रम भरायची घाई, त्यात निम्मं पाणी फरशीवर. स्वयंपाकघरात तेलाचा हात, मोरीत साबण. म्हणजे आपली फरशी दिवसातनं दहा वेळा ओली होते आणि तिच्यावर चालणारा पाय अनवाणी असतो. जी बाई ती फरशी रोज पुसणार, तिला शोरूमला कोणी नेलेलंच नसतं.

आता ही टाइल घसरते का, ते समजून घ्या. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळपास पीतच नाही, अर्ध्या टक्क्याहूनही कमी. त्यात वरून पॉलिश मारून बारीक छिद्रं बुजवलेली. सांडलेलं पाणी मुरत नाही, त्याला बाजूला सरकायला खाचखळगाही नाही. पाय आणि फरशी यांच्यामध्ये पाण्याचा पातळ थर राहतो आणि पाय त्या थरावरून सुटतो. त्यात साबण किंवा तेल मिसळलं की विचारूच नका. आपल्याकडची बारीक धूळसुद्धा कोरड्या पॉलिशवर तेच काम करते.

पूर्वी घरात शेणानं सारवलेली जमीन होती, मग कर्नाटकातली शहाबादी आली, मोरीला कडप्पा आला, कुठं राजस्थानचा कोटा बसला. आता मोरबीच्या टाइल येतात. मी काही शेणाच्या जमिनीवर परत जा म्हणत नाही. ती सारवताना बायकांचीच कंबर जायची. टाइल जरूर बसवा. फक्त हेही लक्षात घ्या, की जे कारखाने चकचकीत टाइल काढतात तेच मॅट आणि अँटी-स्किडही काढतात. आपण मागत नाही, म्हणून दुकानदार पुढं करत नाही.

लोक म्हणतात, मॅट महाग पडते. भाव विचारून बघा. पॉलिश करणं हे कारखान्यातलं जादा काम आहे, मॅटला ते लागत नाही.

दुसरं म्हणतात, मॅट मळते. फार खडबडीत टाइलमध्ये मळ बसतो, हे खरंय. तिला ब्रश मारावा लागतो. म्हणून खडबडीत टाइल फक्त बाथरूमला आणि अंगणाला लावा. घरात साधी मॅट लावा, ती फडक्यानं निघते.

तिसरं म्हणतात, म्हातारी माणसं कुठंही पडतात. हे बोलणं मला सगळ्यात जास्त झोंबतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकड्यानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडून मरतात. त्यात उंचावरून पडणारेही आले. पण सर्वाधिक मृत्यू साठीच्या पुढच्यांचे. अपघाती मृत्यूंत रस्त्यानंतर पडण्याचाच नंबर लागतो. खुबा मोडला की योजनेत ऑपरेशन बसेलही, पण पुढचे काही महिने अंथरुणात कोण उठवणार, कोण बसवणार? लेकीची नाहीतर सुनेची रोजंदारी बुडते, त्याचं बिल कोणत्या योजनेत आहे?

आता दुकानात काय विचारायचं ते सांगतो.

१) घसरणीचा 'आर' नंबर विचारा. जर्मन चाचणीतून आलेला हा नंबर आर ९ ते आर १३ असा असतो. तेल टाकलेल्या उतारावर बूट घालून चालतात आणि पाय कुठल्या कोनाला सुटतो ते मोजतात. आर ९ म्हणजे काठावर पास. बैठकीच्या कोरड्या खोलीत चालेल. स्वयंपाकघर आणि व्हरांड्याला आर १०, बाथरूमला आणि बाहेरच्या उताराला आर ११ मागा. अनवाणी पायासाठी ए, बी, सी अशी वेगळी प्रतवारी आहे, त्यात सी सगळ्यात पकडदार.

२) बॉक्सवर नंबर नसेल तर नमुन्याची टाइल जमिनीवर ठेवा, ग्लासभर पाणी ओता, चप्पल काढा आणि एका हातानं टेबल धरून पाय घासून बघा. दुकानदार हसला तर हसू द्या.

३) बाथरूमला एक बाय एकची टाइल घ्या. ढाळ नीट काढता येतो, सांधे जास्त असल्यानं पकडही मिळते. दोन बाय चारची मोठी टाइल तिथं नको.

४) जिन्याला पॉलिश ग्रॅनाइट लावणार असाल तर पायरीच्या कडेला खाचा मारून घ्या.

घरकुलवाल्यांसाठी वेगळं सांगतो. घरकुलाचं मंजूर क्षेत्र २५ चौरस मीटर, म्हणजे सुमारे २६९ चौरस फूट. एवढ्यात चूल, पाण्याचे हंडे आणि झोपायची जागा. कोरडा कोपरा उरतोच कुठं? स्वतःच्या खिशातले पैसे घालून तिथं आरसा बसवू नका.

आणि ज्यांची फरशी बसून झालीय त्यांनी ती उखडायची गरज नाही. बाथरूममध्ये आणि पलंगापासून बाथरूमपर्यंतच्या वाटेवर धरायला दांडे ठोका. खाली रबर असलेली मॅट टाका. जुन्या साडीचं पायपुसणं गुळगुळीत फरशीवरून आधी उचला, ते माणसाला घेऊनच सरकतं. रात्रीचा एक छोटा दिवा चालू ठेवा.

शेवटचा मुद्दा कारभाऱ्यांना. घरात मालकाची मर्जी चालेल. पण शाळा, दवाखाना, समाजमंदिर, ग्रामपंचायत कार्यालय, इथं आमचा पैसा लागतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा आहे. सार्वजनिक इमारती सगळ्यांना वापरता आल्या पाहिजेत, असं तो सांगतो. केंद्राच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचना तर न घसरणारी जमीन मागतात. तरी एस्टिमेटमध्ये नुसतं 'व्हिट्रिफाइड टाइल' लिहिलं, की ठेकेदार काय आणून बसवणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. दिव्यांगांसाठी रॅम्प करायचा आणि त्याला गुळगुळीत टाइल लावायची, ही घसरगुंडी झाली. पाऊस पडल्यावर काठीवाल्या म्हाताऱ्यानं तिथून कसं चढायचं?

म्हणून १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत एक ठराव मांडायचा: गावातल्या कोणत्याही सार्वजनिक कामाच्या एस्टिमेटमध्ये फरशीचा घसरण नंबर लिहिलेला असेल, आणि बिल काढण्याआधी फरशी ओली करून गावासमोर तपासली जाईल. याला वेगळा निधी लागत नाही, एस्टिमेटमध्ये एक ओळ लागते. सूचक मी होतो, अनुमोदनाला कोण येतंय ते कमेंटमध्ये सांगा. पटत नसेल तरी कमेंटमध्येच भांडा. पण ज्याच्या घराला प्लास्टर चालू आहे, त्याला ही पोस्ट आजच पाठवा, टाइलचा टेम्पो दारात यायच्या आत.