भोंगा घरातही वाजावा

ऑनलाइन गेमिंगचे विधेयक ऑगस्ट २०२५ मध्ये एका दिवशी लोकसभेत, दुसऱ्या दिवशी राज्यसभेत मंजूर झाले आणि तिसऱ्या दिवशी राष्ट्रपतींची त्यावर स्वाक्षरीही झाली. एवढ्या लगबगीने कायदा झाला म्हटल्यावर पुष्कळ आईबापांना वाटले असेल की चला, आता पोरगे मोबाइलमधून डोके वर काढील. पण या कायद्याने बंद झाले ते पैसे लावून खेळायचे खेळ : रमी, पोकर, फँटसी क्रिकेट. विमानातून बेटावर उतरायचे, बंदूक शोधायची आणि शेवटचा उरेपर्यंत लढायचे, हे खेळ त्यात येत नाहीत. ई-स्पोर्ट्सना तर हा कायदा उत्तेजनच देतो. त्याआधी सप्टेंबर २०२० मध्ये पबजी गेला तो चीनशी गलवानमध्ये झालेल्या चकमकीनंतर, देशाची सुरक्षितता आणि चिनी कंपन्यांकडे जाणारी माहिती या कारणावरून. फेब्रुवारी २०२२ मध्ये फ्री फायरवर गदा आली तीही त्याच धर्तीवर. पुढे पबजीचे भावंड बीजीएमआय या नावाने आले, मध्ये काही महिने गायब झाले, परत आले. फ्री फायरची ‘मॅक्स’ आवृत्ती तर जागची हललीसुद्धा नाही. यातला एकही निर्णय मुलांची झोप, अभ्यास किंवा स्वभाव डोळ्यांपुढे ठेवून घेतलेला नव्हता. तो निर्णय घरातच घ्यावा लागतो, आणि घरे मात्र तो सरकारच्या गळ्यात घालून मोकळी होऊ पाहतात.

आधी स्वभावाचे पाहू, कारण ओरड त्याचीच अधिक. गेममुळे मुले हिंसक होतात, हे आपल्याकडे आता सिद्ध झाल्यासारखेच बोलले जाते. संशोधन इतके ठाम नाही. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये चौदा-पंधरा वर्षांच्या सुमारे हजार ब्रिटिश मुलांचा आणि तितक्याच पालकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मुले खेळत असलेले गेम किती हिंसक आणि पालकांना दिसलेली मुलांची आक्रमकता किती, यांचा काही संबंध त्यांना आढळला नाही. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेने २०२० मध्ये आपली भूमिका पुन्हा तपासली. हिंसक गेम आणि चिडणे, ओरडणे, ढकलाढकली यांत थोडा पण टिकून राहणारा संबंध दिसतो. त्यावरून खऱ्याखुऱ्या हिंसाचाराचे खापर गेमवर फोडता येणार नाही, असे तिने सांगितले. आपल्याकडे २०१७ मध्ये ‘ब्लू व्हेल’ने केवढी घबराट उडवली होती! पुढे सरकारनेच संसदेत सांगितले की तपासलेल्या आत्महत्यांच्या एकाही प्रकरणात त्या तथाकथित खेळाचा हात सिद्ध झाला नाही. तोवर वाहिन्यांचे काम भागले होते.

म्हणजे सारे आलबेल आहे, असे नव्हे. ओरडणे आणि आदळआपट ज्या घरात रोज रात्री चालते, त्या घराला ऑक्सफर्डचा निष्कर्ष काय कामाचा? पण ती आदळआपट नेमकी केव्हा होते, याकडे फार थोडे पालक लक्ष देतात. ती होते मोबाइल हिसकावताना. या खेळांची एक मॅच पंचवीस-तीस मिनिटे चालते. मैदानात शंभरापर्यंत खेळाडू असतात आणि चौघांचा एक स्क्वाड. कानाला लावलेल्या हेडफोनमधून हे चौघे एकमेकांशी बोलत असतात. बहुधा एकाच वर्गातले, एकाच आळीतले. ही मॅच मध्येच थांबवता येत नाही. आईने स्वयंपाकघरातून ‘पुरे आता, ठेव तो मोबाइल’ म्हटले आणि पोराने खरोखर ठेवला, तर तीन मित्र तोंडावर पडतात, रँक घसरते आणि दुसऱ्या दिवशी शाळेत त्याचा उद्धार होतो. कबड्डीत चढाई करणाऱ्याला मधल्या रेषेच्या पलीकडून कॉलर धरून घरी ओढत न्यावे, तसलाच हा प्रकार. आईला वाटते पोरगा उर्मट झाला, पोराला वाटते आईला काही कळत नाही. दुसऱ्याचे म्हणणे खरे असते. ‘ही मॅच संपली की बंद’ असे आधी ठरवणारे आणि मॅच संपताना शेजारी येऊन बसणारे पालक या भांडणातून पुष्कळसे सुटतात. त्यासाठी पोरगा काय खेळतो, हे मात्र ठाऊक असावे लागते. किती बापांना आपल्या मुलाच्या गेमचे नाव सांगता येईल?

गेम बनवणाऱ्यांना माणसाचा स्वभाव आपल्यापेक्षा जास्त कळतो, हेही लक्षात ठेवलेले बरे. रोज हजेरी लावली तर बक्षीस, एक दिवस चुकला तर माळ तुटते. सीझन संपला की रँक खाली येते आणि चढण पुन्हा सुरू. बंदुकीला रंग, खेळाडूला पोशाख, आणि आत काय निघेल ते न सांगता विकायच्या पेट्या. पेटी उघडणे आणि मटक्याचा आकडा लावणे यांत फरक किती, हा प्रश्न बेल्जियमच्या जुगार नियामकाने २०१८ मध्येच विचारला आणि अशा पेट्या बेकायदा ठरवल्या. अमेरिकेत ‘फोर्टनाइट’च्या कंपनीला मुलांची माहिती गोळा करणे आणि फसव्या बटणांनी खरेदी करायला लावणे या दोन कारणांसाठी २०२२ मध्ये ५२ कोटी डॉलर मोजण्याचे मान्य करावे लागले. आपल्याकडचा कायदा पैसे लावून जिंकण्याच्या खेळांपाशी थांबला. पोशाखाच्या पेट्या त्याच्या नजरेतून सुटल्या. बापाच्या फोनवर यूपीआय, पिन मुलाला पाठ, आणि महिनाअखेरीस बँकेचा संदेश वाचताना बाप घामाघूम. यात चूक पोराची किती आणि पिन त्याच्यासमोर दाबणाऱ्याची किती? बीजीएमआयने अल्पवयीनांना दिवसाला तीन तासांची मर्यादा घातली, हेही अभिमानाने सांगितले जाते. भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटना पाच ते दहा वर्षांच्या मुलांना टीव्ही, मोबाइल सगळे धरून दोन तासांच्या आत ठेवा म्हणते. शिवाय वय विचारायचे मुलालाच. ते सांगेल ते खरे.

मग सरसकट बंदी का नको? राजकोट पोलिसांनी मार्च २०१९ मध्ये पबजीवर बंदी घातली आणि खेळताना सापडलेल्या महाविद्यालयीन तरुणांना चक्क अटक केली. पोलिसांच्या कामात भर पडली, इतकेच. चीनने २०२१ मध्ये अल्पवयीनांना फक्त शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुट्टीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढीच मुभा ठेवली. मुलांनी मोठ्यांची खाती वापरायला सुरुवात केली. दक्षिण कोरियाने २०११ पासून सोळा वर्षांखालील मुलांना मध्यरात्र ते पहाटे सहा खेळबंदी केली होती. दहा वर्षांनी ती गुंडाळली आणि वेळा ठरवण्याचे काम मुलांवर आणि पालकांवर सोपवले.

महाराष्ट्रातल्या दोन गावांनी या बाबतीत दोन वाटा धरल्या. यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातील बांशी गावाने नोव्हेंबर २०२२ मध्ये ग्रामसभेत ठराव केला, की अठरा वर्षांखालील कोणी मोबाइल वापरायचा नाही. त्याच्या तीनच महिने आधी सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने वेगळी युक्ती काढली. संध्याकाळी सात वाजता गावच्या देवळावरून भोंगा वाजतो, घरोघरी टीव्ही आणि मोबाइल बंद होतात, आणि साडेआठला दुसरा भोंगा वाजेपर्यंत बंदच राहतात. राज्यात त्या वर्षी मशिदींवरच्या भोंग्यांवरून जे राजकारण चालले होते ते आठवले, तर या गावाने त्याच यंत्राचा किती शहाणपणाने उपयोग केला हे कळते. सुरुवातीला पुरुषमंडळी हसली. बायकांनी मात्र मान्य केले की आपण स्वतःच मालिकांत गुंततो. मग शिक्षक, अंगणवाडी आणि आशा सेविका घरोघर फिरल्या.

बांशीचा नियम मुलांसाठी आहे, वडगावचा सगळ्यांसाठी. आमचा कौल वडगावला, आणि तो भावनेपोटी नाही. मुलाला ‘ठेव’ म्हणणाऱ्या बापाच्या हातात त्या क्षणी रील सरकत असेल, तर त्या शब्दाला घरात किंमत उरत नाही. करोनाकाळात शाळेसाठी म्हणून हा फोन आपणच मुलांच्या हातात दिला, आणि शाळा उघडल्यावर परत मागायला विसरलो. जिथे आईबाप दोघे कामावरून रात्री आठला परततात, खोली एक आणि खाली मैदानाच्या जागी गाड्यांचा तळ, तिथे ‘मुलांना बाहेर खेळायला पाठवा’ हा उपदेश निर्लज्जपणाचा आहे. अशा शहरांत शाळांची मैदाने संध्याकाळी वस्तीतल्या मुलांना खुली करणे, हे महापालिकांचे काम आहे आणि त्यांनी ते टाळले आहे. पण दीड तास फोन खाली ठेवायला मैदान लागत नाही. सुट्टीच्या दिवशी पोराशेजारी बसून एक मॅच खेळून पाहायलाही लागत नाही. हरलात तर उत्तम. त्याला शिकवू द्या.

एक सावधगिरी मात्र हवी. दोन तास खेळणाऱ्या प्रत्येक मुलाला ‘व्यसनी’ ठरवू नका. जागतिक आरोग्य संघटनेने गेमिंगचा विकार आजारांच्या यादीत घेतला, तो २०२२ पासून लागू झाला. त्याची खूण अशी, की खेळण्यावर ताबा उरत नाही, बाकी सगळे मागे पडते, नुकसान दिसत असूनही खेळणे थांबत नाही, आणि हे साधारण वर्षभर चालते. जेवण, झोप, शाळा आणि मित्र एकेक करून सुटू लागले असतील, तर वर्षाची वाट पाहू नका आणि मारझोड तर नकोच. बंगळुरूच्या निम्हान्समध्ये यासाठी २०१४ पासून स्वतंत्र क्लिनिक आहे. तिथवर जाणे सर्वांना जमणार नाही. पण केंद्र सरकारची टेलि-मानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, विनामूल्य आणि मराठीतही उपलब्ध आहे.