दप्तर कुणाच्या खात्यात?

रोहा तालुक्यातले खांब असो की राज्यातले दुसरे कोणतेही गाव, सरकारी कामाचा बराच भाग आज कर्मचाऱ्याच्या स्वतःच्या मोबाइलवर चालतो. पंचनाम्याचे फोटो व्हॉट्सअॅपवर जातात, लाभार्थ्यांची यादी खासगी गुगल ड्राइव्हवर राहते, आधार कार्ड मोबाइलमधल्याच एखाद्या अॅपने स्कॅन होते. फोनचा बॅकअप चालू असेल तर ही कागदपत्रे कर्मचाऱ्याच्याही नकळत त्याच्या खात्यात जाऊन बसतात. यात त्याचा वाईट हेतू नसतो. वरून ‘ताबडतोब फोटो पाठवा’ असा निरोप येतो आणि कार्यालयाने दिलेले दुसरे साधन हाताशी नसते. साधन न देता काम मागणारे कार्यालयच याला अधिक जबाबदार आहे, असे माझे मत आहे.

केंद्राच्या पातळीवर मनाई मात्र केव्हाच झाली आहे. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांसाठी जून 2022 मध्ये निघालेल्या सायबर सुरक्षा सूचनांत गुगल ड्राइव्ह, ड्रॉपबॉक्ससारख्या बिगरसरकारी क्लाउडवर अंतर्गत किंवा गोपनीय फायली ठेवू नका, कॅमस्कॅनरसारखी अॅप वापरू नका, असे स्पष्ट म्हटले आहे. जानेवारी 2025 मध्ये केंद्रीय अर्थ मंत्रालयाने कार्यालयीन संगणकांवर चॅटजीपीटी आणि डीपसीक न वापरण्याची ताकीद दिली. पण नुसत्या बंदीने वापर थांबत नाही, तो लपतो. लपलेल्या वापराची नोंद कुठेच राहत नाही आणि काही बिनसले तर तपासायचे काय, हेही कळत नाही.

गुगलची सुरक्षा तालुक्याच्या कचेरीतल्या जुन्या संगणकापेक्षा चांगलीच आहे, मग बिघडले कुठे, असे कुणी म्हणेल. सुरक्षेपुरते ते खरेही असेल, पण ताब्याचे काय? तलाठी किंवा ग्रामसेवकाची बदली झाली की कपाटातले दप्तर पुढच्या माणसाकडे सोपवले जाते, खासगी खात्यातली यादी मात्र त्याच्याबरोबर जाते. पुढे कुणी 2005 च्या माहिती अधिकार कायद्याखाली तीच यादी मागितली, तर कार्यालयाकडे द्यायला काहीच नसते. त्याचा फटका ज्याची भरपाई अडली आहे त्या शेतकऱ्याला बसतो. निरोपांसाठी सरकारचे स्वतःचे ‘संदेस’ अॅप आहे, हा दुसरा आक्षेप. अॅप आहे, पण ज्याचे कागद हवेत तो नागरिक व्हॉट्सअॅपवर आहे आणि निरोप पाठवणारे वरिष्ठही तिथेच आहेत. वरिष्ठांनी आधी स्वतः तिथून उठायला हवे.

वैयक्तिक माहिती सांभाळण्यात कसूर झाली तर 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात आहे. त्या धाकाने आणखी एक परिपत्रक काढण्यापेक्षा गावपातळीवरच्या प्रत्येक कर्मचाऱ्याला कार्यालयाचे खाते आणि पुरेशी साठवण द्यावी. फोटो रेंज नसतानाही काढता यावा आणि रेंज आल्यावर आपोआप त्या खात्यात जावा. आजवर खासगी खात्यात काय साठले आहे, हे शिक्षेची भीती न घालता सांगण्यासाठी ठरावीक मुदत असावी. आणि बदलीच्या वेळी पदभाराच्या यादीत या फायलींचाही रकाना असावा.