पोरांना मैदान द्या

या आठवड्यात नागपुरातल्या एका कॉलनीच्या बागेत ‘चेंडू खेळण्यास सक्त मनाई’ ही पाटी दिसली आणि शेजारच्या बाकावर समोसा खात मोबाइलमध्ये बुडालेला पोरगा. राग आला तो पाटीचा. जागतिक आरोग्य संघटना ५ ते १७ वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटं घाम गाळायला सांगते. तो गाळायचा कुठे? याच शहरात हिस्लॉप कॉलेजच्या विजय बारसे सरांनी झोपडपट्टीतली पोरं पावसात फुटकी बादली लाथाडताना पाहिली आणि २००१ मध्ये अशा पोरांसाठी ‘स्लम सॉकर’ ही फुटबॉल संस्था उभी राहिली. आपल्या कॉलन्यांना एक चेंडू जड व्हावा? वजनाचा तक्ता भिंतीला चिकटवून पोरं सडसडीत होत नाहीत, ती धावून होतात. आईबाबांनीही रविवारी आधी पोरांसोबत मैदानात उतरावं; तर्री-पोहे कुठे पळून जात नाहीत.