गृहव्यवस्था : गच्चीवरील उपेक्षित कोपरे

घराचा उंबरठा रोज झाडला जातो, देवघर रोज पुसलें जातें. परंतु ज्या गच्चीच्या आश्रयाखालीं सारें बिऱ्हाड नांदतें, तिच्याकडे वर्षांतून एकदां तरी कोणी लक्षपूर्वक पाहतो काय? माटुंग्यासारख्या वस्तींत हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. १८९६ सालच्या प्लेगनंतर, १८९८ सालीं मुंबईंत सिटी इंप्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. पुढें त्या ट्रस्टनें दादर-माटुंग्याची आखणी केली, ती घरोघर हवा व उजेड पोंचावा या हेतूनें. रुंद रस्ते, पांच उद्यानें व दुतर्फा झाडें ही त्या आखणीचीच देणगी. मात्र त्याच झाडांचीं पानें उन्हाळ्यांत आमच्या सपाट गच्च्यांवर येऊन पडतात, आणि नेमकीं हात न पोंचणाऱ्या जागीं जमतात.

अशा जागा मुख्यतः पांच : टाकी व कठडा यांमधील अरुंद बोळ, टाकीखालील पोकळी, जिन्यावरचें छप्पर, पावसाच्या नळाचें तोंड आणि खिडक्यांवरील छज्जे.

यांपैकीं नळाचें तोंड सर्वांत घातक. तीनशें चौरस मीटरच्या गच्चीवर दहा सेंटिमीटर पाणी तुंबलें, तर त्याचें वजन तीस टन भरतें! २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हें ध्यानांत घेतां अशा तुंबण्याची भीति अवास्तव नव्हे. म्हणून झाडण्यापूर्वीं नळाच्या तोंडांत फडक्याचा बोळा बसवावा, म्हणजे कचरा आंत जाणार नाहीं. लांब वेळूस खराटा बांधून टाकीमागील व टाकीखालील पाला बाहेर ओढावा, गोळा करून खालीं न्यावा, आणि मगच बोळा काढून चार बादल्या पाणी ओतून पाहावें. पाणी रेंगाळल्यास नळ आंतून साफ करविणें अवश्य आहे. तोंडावर सपाट जाळीपेक्षां घुमटाकार जाळी बरी. तिच्यावर पानांचा थर सहसा बसत नाहीं.

दुसरा शत्रु डांस. मुंबईंतील हिवताप विहिरी व टाक्यांतील डांसांमुळें पसरतो, हें डॉ. बेंटले यांनीं १९११ सालच्या आपल्या अहवालांत दाखविलें होतें. डेंग्यूचा डांस तर टाकीखालीं विसरलेल्या डब्यांत किंवा ताडपत्रीच्या घडींतहि वाढतो. त्याचीं अंडीं पाण्याच्या कडेस, भांड्याच्या अंगास चिकटतात, आणि कोरडींहि कित्येक महिने टिकतात. यास्तव पाणी नुसतें ओतून भागत नाहीं; भांडें घांसलें पाहिजे. अंड्यापासून डांस होण्यास सुमारें आठ-दहा दिवस लागतात. तेव्हां आठवड्यांतून एकदां पाहणी केल्यास ही सांखळी तुटते.

छज्ज्याच्या भेगेंत पिंपळाचें रोप दिसल्यास तें वरचेवर छाटून उपयोग नाहीं. मूळ भेग रुंदावीतच राहतें. कोंवळें असतांनाच मुळासकट काढून भेग सिमेंटनें भरावी.

परंतु हें करावें कोणीं? येथेंच आमच्या सुशिक्षितपणाची परीक्षा आहे. चार रुपये वाचावे म्हणून एखाद्या पोरास दोराशिवाय छज्ज्यावर उतरविणें हा अपराध होय. त्या कामास परांची व जाणता माणूसच हवा. तसेंच बंदिस्त टाकींत कोणासहि एकट्यानें उतरूं देऊं नये. मार्च २०२५ मध्यें नागपाडा येथें जमिनीखालील टाकी साफ करण्यास उतरलेले मजूर गुदमरून मरण पावले. आपल्या घरीं पाणी शुद्ध यावें म्हणून दुसऱ्याच्या घरचा दिवा विझावा काय?

गच्ची सर्वांची असते, म्हणून ती कोणाचीच नसते. बिऱ्हाडवार पाळी लावून घ्यावी, व दोर-परांचीचा खर्च सर्वांनीं वांटून घ्यावा. अक्षय्य तृतीयेपासून मृग नक्षत्रापर्यंतचा कोरडा काळ या कामास उत्तम. एकदां सरी कोसळूं लागल्या, कीं निसरड्या गच्चीवर खराटा घेऊन धांवण्यांत शहाणपण नाहीं.