फाटू द्या की पुस्तकं!

दीड वर्षाच्या मुलाच्या हातात पुस्तक आलं की ते आधी तोंडात जातं, मग उलटं धरलं जातं, मग पान ओढलं जातं. त्या वयात पुस्तकाची ओळख अशीच होते. आमच्या वाचनालयांच्या दप्तरी मात्र याला एकच शब्द आहे, नुकसान.

साताऱ्याकडच्या एका तालुक्याच्या गावात मी ग्रंथपाल आहे. दर शनिवारी सकाळी आमच्याकडे तीन वर्षांखालच्या मुलांचा गोष्टींचा तास असतो. म्हणायला तास, चालतो वीस-पंचवीस मिनिटं. त्यापुढे ताणलं की कुणाला शू लागते, कुणाला भूक. सतरंजी, टोपलीत पुस्तकं आणि एक डफली, एवढाच सरंजाम. सुरुवातीला ठरलेलं गाणं, मग पुस्तक, मग बोटांची बडबडगीतं आणि पुन्हा तेच पुस्तक. होय, तेच. दर आठवड्याला नवी गोष्ट हवी, असं पालकांना वाटतं, मुलांना नाही. लागोपाठ दोन-तीन शनिवार ऐकलं की पान उलटायच्या आत एखादी चिमुरडी ‘भू भू’ म्हणून ओरडते. पुढच्या पानावर कुत्रा आहे हे तिला ठाऊक झालेलं असतं.

मुलं एका जागी बसत नाहीत म्हणून आया उगीच ओशाळतात. कपाटाभोवती घिरट्या घालणारं पोर ऐकत नाही, असं कुणी सांगितलं? गोष्टीत वाघ आला की तेच सगळ्यांच्या आधी पुढे येतं. आज्यांचं तर काय सांगावं! गाणी सगळी तोंडपाठ, पण ‘आमची आपली गावाकडची’ म्हणून आधी लाजतात. एकदा सुरू झाल्या की मला डफली खाली ठेवावी लागते. तरुण आया विचारतात, मोबाइलवर गाणं लावू का? मी नको म्हणते. मोबाइल पुढे पळतो. नातवाचे हात टाळीपर्यंत पोचेस्तोवर आजी थांबते.

खरी पंचाईत पुस्तकांची. जाड पुठ्ठ्याच्या पानांची पुस्तकं इंग्रजीत रग्गड, मराठीत शोधावी लागतात. आमच्या टोपलीत बहुतेक पातळ पानांची आणि मध्ये पिना मारलेली. नवं पुस्तक आलं की मी आधी त्या पिना उचकटते. त्याच भोकांतून गोधडी शिवायचा दोरा ओवून तीन टाके घालते, गाठ बाहेरच्या बाजूला ठेवते आणि कव्हरच्या कडांना रुंद चिकटपट्टी लावते. एवढं करूनही ते वर्षभर टिकलं तर नशीब. आमच्याकडे सगळ्यात जास्त चिकटपट्ट्या माधुरी पुरंदरे यांच्या ‘राधाचं घर’ला आहेत, कारण सगळ्यात जास्त ओढाताण त्याचीच होते.

मागे एका कारभाऱ्यांनी फर्मान काढलं, पान फाटलं तर पालकांकडून किंमत वसूल करा. तशी पाटी लागली. पुढच्या शनिवारी सगळ्या आयांनी मुलांचे हात धरून ठेवले. पुस्तकं नीटनेटकी राहिली आणि मुलं रडून घरी गेली. ती पाटी मीच काढली, आणि कोणी विचारलं नाही.

त्या कारभाऱ्यांचा तरी एकट्यांचा काय दोष? 1967 च्या ग्रंथालय कायद्याखाली मान्यता मिळालेल्या वाचनालयांना सरकारी अनुदान मिळतं, ते अ, ब, क, ड वर्गानुसार; आणि वर्ग ठरवताना ग्रंथसंख्या पाहिली जाते. तेव्हा फाटलेलं प्रत्येक पुस्तक म्हणजे संख्येत एक घट. ते बाद करायचं तर आधी समितीचा ठराव हवा. त्यापेक्षा कपाटाला कुलूप लावणं सोपं. मग मुलांची पुस्तकं काचेआड कोरी करकरीत राहतात आणि आपण दरवर्षी 12 ऑगस्टला, ग्रंथपाल दिनी, ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनांच्या फोटोला हार घालतो. पुस्तकं वापरासाठी असतात, हे त्यांनी 1931 सालीच मांडलं होतं.

बालवाडीतला खडू झिजला म्हणून कुणी पंचनामा करत नाही. तीन वर्षांखालच्या मुलांची पुस्तकं त्याच खात्यात टाका, एवढंच माझं म्हणणं आहे. दाखल नोंदवहीत हजार पानांच्या कादंबरीशेजारी बारा पानांचं चित्रपुस्तक लिहायचं आणि दोघांना एकच नियम लावायचा, हे बरं नव्हे. यांची नोंद वेगळ्या वहीत व्हावी, ग्रंथसंख्येत ती धरूच नयेत आणि बाद करायचा अधिकार ग्रंथपालाला असावा.

सरकारी नियम बदलेल तेव्हा बदलेल. वाचनालयांच्या समित्यांना मात्र तोवर थांबायचं कारण नाही. येत्या अंदाजपत्रकात लहान मुलांच्या पुस्तकांच्या झिजेसाठी दोन-तीन हजार रुपये वेगळे काढा. आमच्याकडे शनिवारच्या तासाचं अख्खं वर्ष तेवढ्यात निघतं. आणि आजी-आजोबांनो, तुमच्या गावच्या वाचनालयात असा तास नसेल, तर नातवंडाला काखोटीला मारून थेट जा आणि लहान मुलांच्या कपाटाची किल्ली मागा.