गुरांना सुई टोचण्याआधी

बैल लंगडायला लागला, गाईच्या कासेला सूज आली, की घरात सगळ्यांचा जीव वरखाली होतो. कुणीतरी धावत जाऊन मेडिकलमधून दुखण्यावरचं इंजेक्शन आणतं. तिथे जरा थांबा. बाटलीवरचं नाव वाचा.

डायक्लोफेनॅक, किटोप्रोफेन, एसेक्लोफेनॅक, नायमेसुलाइड. यातलं काही असेल तर परत करा. ही औषधं जनावरांना द्यायला बंदी आहे. ती टोचलेलं जनावर दगावलं आणि गिधाडांनी खाल्लं, तर गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात. असं मेलेलं गिधाड उघडून पाहिलं की हृदयावर, यकृतावर चुन्यासारखा पांढरा थर दिसतो. भारतात पांढऱ्या पाठीची गिधाडं अशीच गेली. हजारात एखादं उरलं.

नुकसान आपलंच झालं. मेलेली गुरं कुजत पडतात. त्यावर भटकी कुत्री पोसली जातात, आणि ती चावतात आपल्याच पोरांना.

एकट्या देशाला हे आवरणारं नाही. नेपाळात जपलेलं गिधाड सीमेअलीकडे उत्तर प्रदेशात येऊन मरू शकतं. म्हणून 2011 साली गिधाडं वाचवण्यासाठी 'सेव्ह' ही संघटना उभी राहिली. आपली बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी (बीएनएचएस) तिच्यात आहे, नेपाळ आणि बांगलादेशातल्या संस्थाही आहेत. कोणतं औषध घातक, कोणतं चालतं, हे एकाला कळलं की सगळ्यांना कळतं. दुकानांत चोरून काय विकलं जातं, तेही तपासतात. बांगलादेशाने किटोप्रोफेन 2021 साली बंद केलं, आपण 2023 साली.

मला सगळ्यात भावतं ते नेपाळातलं पिठौली गाव. तिथे म्हाताऱ्या गाई शेवटपर्यंत सांभाळतात. त्या गेल्या की गिधाडांसाठी उघड्यावर ठेवतात. आपल्या नाशिक जिल्ह्यात खोरीपाड्यालाही गिधाडांसाठी अशी जागा आहे.

तुम्ही एवढं करा. गुरांच्या डॉक्टरांकडे मेलोक्सिकॅम मागा. ते गुराला लागू पडतं, गिधाडाला बाधत नाही. टोल्फेनॅमिक अ‍ॅसिडही चालतं. माणसांसाठीचं इंजेक्शन गुरांना टोचू नका, कुणी कितीही खात्री दिली तरी.

बिबट्याने वासरू मारलं तर रागाच्या भरात मढ्यावर विष टाकू नका. ते विष गिधाडांच्याही पोटात जातं. वनखात्याला कळवा, पंचनामा करून घ्या, भरपाई मागा.

आणि बंदीचं औषध दुकानात गुरांसाठी विकताना दिसलं तर पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन सांगा.